तेल किती, वारा किती

कतारगामचं नाव सुरतेत आधी निघतं ते पापडीसाठी. उंधियूत पडणारी पापडी कतारगामची हवी, असा जुन्या सुरतकरांचा हट्ट. शेतं मागं हटली आणि त्यांच्या जागी हिऱ्यांचे कारखाने, माग, जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीचे गाळे आले. चामडं इथं कुणी कमावत नाही. वापरतात मात्र पुष्कळ जण. हिऱ्याच्या व्यापाऱ्याच्या ऑफिसात काळा नाहीतर चॉकलेटी सोफा असतो, कारखान्याच्या दारावर पहारेकऱ्याचे बूट असतात, लग्नसराईपुरते बाहेर निघणारे जोडे कपाटात असतात. धुळे-नंदुरबारकडून सुरतेत येऊन स्थिरावलेल्या घरांत एखादा कोल्हापुरी जोडही सापडतो. या सगळ्यांची परीक्षा जुलै-ऑगस्टात होते. तापीकाठ, समुद्र जवळ आणि हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर. कपाट उघडलं की बुटांवर पांढरट साय धरलेली दिसते.

घरातला पहिला माणूस म्हणतो, "सुकलंय, तेल लाव." चामड्याचं निम्मं नुकसान या वाक्यानं होतं असं माझं मत आहे, आणि ते का, हे सांगायला थोडं आत शिरावं लागेल.

ही पांढरी साय तीन वेगवेगळ्या गोष्टींची असू शकते. एक बुरशी. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास राहिली आणि वारा खेळला नाही की ती धरते. तिचे ठिपके गोल, जरा केसाळ असतात आणि वास कोंदट येतो. दुसरी मेदाची. चामड्यात आधीच मुरलेल्या तेलातला घट्ट अंश पृष्ठभागावर येऊन थिजतो. ही साय सगळीकडे सारखी पसरलेली असते आणि वास येत नाही. तिसरी क्षारांची. घाम किंवा पावसाचं पाणी सुकताना काठाकाठानं पांढरी रेघ सोडून जातं. पहिल्या दोन्हींतला फरक ओळखायची एक साधी युक्ती आहे. केस सुकवायचं यंत्र दुरून, मंद आचेवर फिरवा. मेद असेल तर वितळून दिसेनासा होतो, बुरशी जागची हलत नाही. मेदाच्या सायीवर पुन्हा तेल चोपडणं म्हणजे अजीर्ण झालेल्याला आग्रहानं वाढणं. आणि बुरशीवर तेल लावलं तर तिला खाद्यच मिळतं.

बुरशी काढायची तर जोडे आधी घराबाहेर न्यायचे. आत झटकले की तिचे कण सोफ्यावर, पडद्यावर जाऊन बसतात. कोरड्या ब्रशनं झाडायचं, मग ओलसर फडक्यावर थोडं पातळ केलेलं स्पिरिट घेऊन पुसायचं. तेही आधी बुटाच्या जिभेखाली किंवा टाचेच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं, कारण स्पिरिट कधीकधी रंगच उचलतं. नंतर सावलीत, वाऱ्यावर. कडक उन्हात तासन्‌तास ठेवलेलं चामडं बुरशीपासून वाचतं खरं, पण ताठरतं.

चामडं म्हणजे मुळात कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंचा गुंता. कच्चं कातडं ओलं राहिलं तर कुजतं, सुकलं तर पत्र्यासारखं होतं. कमावणं म्हणजे या तंतूंमध्ये असं काही घुसवणं, की ते कुजू नयेत आणि सुकल्यावर एकमेकांना चिकटू नयेत. आपल्याकडची रीत बाभळीच्या सालीची आणि हिरड्याची. हे काम सावकाश चालतं, चामड्याला भरीवपणा येतो, रंग मधाळ तपकिरी राहतो. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. ऑगस्टस शुल्झनं अमेरिकेत 1884 मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड चॅटर्टननं मद्रासेत तिचे प्रयोग केले. महिन्यांचं काम त्यामुळं दिवसांवर आलं. आज बाजारातले बहुतेक बूट आणि जवळजवळ सगळे सोफे या दुसऱ्या जातीचे.

हा फरक निगेत फार मोलाचा आहे. ओल्या कच्च्या कातड्याचे तंतू साठ-पासष्ट अंशांना आकसतात. सालीनं कमावलेलं ओलं चामडं सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तग धरतं. पक्कं क्रोमचं मात्र उकळत्या पाण्यातही बहुधा गोळा होत नाही. कारखान्यात तुकडा उकळत्या पाण्यात टाकूनच कमाई पुरी झाली का ते बघतात. म्हणून सालीनं कमावलेली कोल्हापुरी पावसात भिजल्यावर गॅसच्या शेगडीशेजारी ठेवली की सकाळी ती वाकडी, कडक, आखूड झालेली मिळते. तिथं मग तेलाचा काही उपयोग नाही, आकसलेले तंतू परत ताणले जात नाहीत. भिजलेल्या जोड्यात रद्दी पेपर कोंबायचा, दोन-तीनदा बदलायचा, जोडा आडवा करून तळालाही वारा लागू द्यायचा. चामडं थोडं ओलसर असतानाच तेलाचा अगदी पातळ हात. मग पुरतं वाळेपर्यंत घालायचा नाही. ही शेवटची अट पाळणारा माणूस विरळा.

कोल्हापुरीला तेल पाजायची रीत आपल्याकडे जुनीच. नवा जोड चावतो, कर्रकर्र वाजतो, तेव्हा अंगठ्याला आणि पट्ट्याला एरंडेल नाहीतर खोबरेल लावून रात्रभर ठेवतात. ते बरोबरच आहे, कारण हे चामडं उघडं असतं, त्यावर रंगाचा थर नसतो, ते तेल पितं. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. 2025 मध्ये प्राडानं मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या, आधी श्रेय दिलं नाही, मग बोभाटा झाल्यावर दिलं. त्या वादात सगळे बोलले, पण चप्पल पावसाळ्यात कशी ठेवावी हे कुणी बोललं नाही. उत्तर सोपं आहे: शक्यतो घालू नये, आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात बांधून ठेवू नये.

तेल कोणतं, हा प्रश्न हमखास येतो. जवसाचं नको. ते हवेत वाळून कडक पापुद्रा धरतं, म्हणून तर चित्रकारांच्या रंगात चालतं. मोहरीचंही नकोच, चिकटपणा आणि वास राहतो. एरंडेल घट्ट, म्हणून थोडं कोमट करून, थेंबथेंब. परदेशी डब्यांत मिळतं ते गुरांच्या खुरा-नळ्यांपासून काढलेलं नीट्सफूट तेल, मेंढीच्या लोकरीचं लॅनोलिन, मधमाश्यांचं मेण, यांचं कमीजास्त मिश्रण. माल चांगला असतो. खोट असते ती डब्यावरच्या सूचनेत. "दर महिन्याला लावा" हा सल्ला जिथं हिवाळ्यात खोल्या तापवून हवा कोरडीठाक होते, त्या मुलखाचा. कतारगामात पावसाळ्यात चामडं हवेतूनच पाणी ओढून बसलेलं असतं. तिथं वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, पातळ हात पुरे. जून ते सप्टेंबर तेलाची बाटली बंद, कपाटाचं दार उघडं.

जास्त तेलाचा धडा मोठमोठ्या संस्थांनीही उशिरा शिकलाय. एकोणिसाव्या शतकातल्या चामडी बांधणीच्या पुस्तकांची पाठ लाल भुकटी होऊन झडायला लागली, तेव्हा लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनं 1900 मध्ये चौकशीला समिती नेमली. दोष निघाला गॅसच्या दिव्यांच्या धुराचा, रंगवताना वापरलेल्या गंधकाम्लाचा आणि कमावण्यातल्या घाईचा. तरी उपाय म्हणून पुढं कित्येक वर्षं जगभरच्या ग्रंथालयांत पुस्तकांना तेल चोळलं गेलं. लॅनोलिन, सीडारचं तेल आणि मेण यांचं एक मिश्रण तर ब्रिटिश म्युझियमच्या नावानंच ओळखलं जाई. मग लक्षात आलं की पुस्तकं काळवंडतायत, चिकट होतायत, धूळ धरतायत, आणि झडणं काही थांबलेलं नाही. आज जतन करणारे लोक पुस्तकाला तेल लावायला सहसा तयार होत नाहीत. ते हवा सांभाळतात. अर्थात बुटाचं तसं नाही. बूट वाकतो, वाकताना तंतू एकमेकांवर घासतात, त्यांना वंगण हवंच. पण ज्या चामड्याला वाकायचं नाही त्याला तेलाची भूक नसते, हे तिथून घेण्यासारखं.

नाक्यावरच्या मोच्याकडे तेल क्वचितच दिसतं. त्याच्याकडे पॉलिश, ब्रश, रापी, आरी आणि रबरी सोलचे तुकडे. पॉलिश म्हणजे मुख्यतः मेण, रंग आणि टर्पेंटाइनसारखा उडून जाणारा द्रव. किवी पॉलिश 1906 मध्ये मेलबर्नला निघालं आणि पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या बुटांबरोबर जगभर गेलं. मेण वर बसतं, पाणी अडवतं, चमक देतं, आत मात्र जात नाही. म्हणून तडे गेलेल्या बुटावर पॉलिशचे थर चढवले तर तडे भरल्यासारखे दिसतात आणि पायरी चढताना पुन्हा उघडतात. जाणता मोची आधी जुना थर उतरवतो. आणि सोल चिकटवायचा की शिवायचा, हे तो बूट वाकवून ठरवतो. शिवलेला सोल पुनःपुन्हा बदलता येतो. पॉलियुरेथेनचा ओतीव सोल मात्र दमट हवेत कपाटात न वापरताच खराब होतो. पाण्याच्या वाफेनं त्याची रासायनिक साखळी तुटते आणि चार वर्षं जपून ठेवलेला बूट लग्नाच्या दिवशी पायातच भुगा होतो. जपण्याची ही शिक्षा मला फार अन्यायाची वाटते.

चामड्याच्या कामाला मान कधी मिळाला नाही, हे लिहिल्यावाचून पुढं जाता येत नाही. गुजरातचं चामडं एके काळी देशोदेशी जाई. मार्को पोलोनं तेराव्या शतकाच्या अखेरच्या आपल्या वर्णनात इथल्या लाल-निळ्या चामड्याच्या, सोन्या-चांदीच्या तारेनं पक्षी-प्राणी भरलेल्या चटयांचं कौतुक केलंय. चटईवर निजणाऱ्याला तिच्या मूळ कातड्याला हात लावणारा माणूस मात्र दाराशीही नको होता. 1927 मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मेलेली गुरं ओढायचं काम सोडा असं आपल्या लोकांना बजावलं. उलट बाजूनं गांधीजींच्या वर्तुळातल्यांनी वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय काढून मेलेल्या जनावराच्या कातड्याचं काम प्रतिष्ठेचं करू पाहिलं. 2016 च्या जुलैत गुजरातेतच उना इथं मेलेल्या गायीचं कातडं काढणाऱ्या तरुणांना उघड्यावर मारहाण झाली, आणि त्यानंतर अनेकांनी ते काम कायमचं टाकलं. या दोन वाटांपैकी कोणती चालली, याचा निकाल त्यातून लागतो असं मला वाटतं. आज सोफ्याच्या निगेचं काम पिशवीत बाटल्या भरून, गणवेश घालून, घरी येऊन होतं. हात तेच काम करतात, नाव नवं आहे, आणि मोबदलाही बरा.

आता सोफा. इथं पहिली कसोटी पाण्याच्या एका थेंबाची. मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी थेंब ठेवा. जिरला आणि डाग गडद झाला तर चामडं उघडं आहे. थेंब मोत्यासारखा वर राहिला तर वर रंगाचा आणि लाखेचा पातळ थर आहे. ऑफिसांतले बहुतेक सोफे या दुसऱ्या प्रकारचे. त्यांच्यावर घासलेलं तेल आत शिरतच नाही, वर राहून कापडाला आणि धुळीला चिकटतं. त्यांना हवं ते ओलसर मऊ फडकं, सौम्य साबण आणि नियमितपणा. डोकं टेकतं तिथं आणि हाताच्या जागी केसांचं तेल व घाम बसून थर मऊ पडतो, मग रंग निघतो. ते दुरुस्त होतं. आधी चरबी काढायची, खरबरीत जागा बारीक कागदानं घासायची, फाटलं असेल तर आतून कापडाचा तुकडा सारून लवचिक गोंदानं चिकटवायचा, खड्डा पातळ थरांनी भरायचा, मग रंग जुळवून स्पंजानं किंवा फवाऱ्यानं तीन-चार हात, शेवटी झळाळीचा किंवा मंद थर. यात रंग जुळवणं सगळ्यात अवघड. सोफा दहा वर्षं खिडकीच्या उन्हात विटलेला असतो, त्यामुळं कारखान्याचा मूळ रंग आणला तर तोच ठिगळासारखा दिसतो. चांगला कारागीर विटलेल्या रंगाशी जुळवतो.

ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यानं तापीला पूर आला आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला. अशा पुरातून निघालेल्या सोफ्याचं चामडं एक वेळ वाचतं. आतला फोम आणि लाकूड वाचत नाही. चामडं सोडवून, स्वच्छ पाण्यानं गाळ धुऊन, सावलीत ताणून वाळवलं तर पुन्हा चढवता येतं. पण एवढी मेहनत चामड्यालाच लाभते. रेक्झिन म्हणा, पीयू म्हणा, चामड्याच्या भुशाला गोंद लावून केलेला पत्रा म्हणा, यांचा वरचा पापुद्रा एकदा सोलायला लागला की कोणतंही तेल, कोणताही मलम त्याला परत बसवत नाही. दुकानात चामडं म्हणून विकलेल्या सोफ्यांत असे किती, ते तीन-चार पावसाळ्यांनी कळतं. काळे कपचे पँटला चिकटून घरभर जातात, मालक निगेवाल्याला बोलावतो, तो पाठीमागचा कोपरा उलटून खाली विणलेलं कापड दाखवतो आणि बाटली न उघडताच पिशवी उचलतो. अशा सोफ्याला शेवटी नवं कापडच चढवावं लागतं, आणि सुरतेत कापडाला तोटा नाही.