खारपाणपट्ट्याची तहान

अकोटहून अकोल्याकडे निघालात, तर पहिले काही मैल विहिरींचे पाणी गोड लागते. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी पायथ्याशी गोटे, वाळू आणि जाडाभरडा गाळ आणून टाकला आहे. भूशास्त्राचे अभ्यासक या पट्ट्याला 'बझाडा' म्हणतात. त्यात पाऊस झपाट्याने मुरतो. म्हणून अकोट, अंजनगाव, अचलपूर या बाजूला संत्र्याच्या बागा, केळी आणि पानपिंपरीचे मळे दिसतात. पण चोहोट्टा बाजार मागे टाकून गांधीग्रामला पूर्णेच्या पुलाशी येईपर्यंत सारा रंग पालटतो. विहीर आहे, तिला पाणीही आहे. पण ते तोंडात धरवत नाही, आणि वावराला द्यावे तर वावर बिघडते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना अशी जमीन सुमारे पावणेपाच लाख हेक्टर भरते. हाच आपला खारपाणपट्टा.

हे खारेपण आले कुठून? 'पूर्वी इथे समुद्र होता' असे पारावर हमखास ऐकू येते. कल्पना मोठी रम्य आहे. पण जमीन अशी का झाली हे सांगायला समुद्राची गरज पडत नाही. पूर्णेचे खोरे म्हणजे जमिनीचा खचलेला भाग. सातपुड्याच्या आणि दक्षिणेकडच्या काळ्या दगडाची झीज होऊन आलेला गाळ त्यात हजारो वर्षे साचत गेला. त्या दगडातच कॅल्शियम आहे आणि सोडियमही आहे. पाऊस भरपूर आणि निचरा चांगला असला, तर सोडियम पाण्याबरोबर वाहून जातो. पण हवामान कोरडे होत गेले की निराळाच व्यवहार सुरू होतो. पाणी खोल जात नाही, वरच्या वर उडून जाते. आणि जाताना कॅल्शियमला चुनखडीच्या रूपाने मातीतच बसवून जाते. विहीर खणताना जे पांढरे खडे निघतात, ते हेच. कॅल्शियम असा खड्यांत अडकला की मातीच्या कणांवर त्याची जागा सोडियम घेतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतील शास्त्रज्ञांनी पूर्णेच्या मातीचा अभ्यास करून हाच उलगडा केला आहे.

आता सोडियम आला तर बिघडले कुठे? कॅल्शियम मातीच्या कणांना पेंढीसारखे बांधून ठेवतो. सोडियम ती पेंढी सोडतो. सुटे झालेले बारीक कण पाण्याबरोबर खाली जाऊन मातीची छिद्रे बुजवतात. वावर चोपण होते. वर पाणी तुंबलेले आणि वीतभर खाली माती कोरडी, हा चमत्कार दर्यापूर किंवा मूर्तिजापूरकडच्या शेतकऱ्याला नवा नाही. म्हणजे अकोल्याच्या पर्जन्यमापकात जेवढा पाऊस मोजला गेला, तेवढा पऱ्हाटीच्या मुळाला मिळाला असे धरून चालू नका. आपल्याकडचा दुष्काळ निम्मा आभाळातला असतो आणि निम्मा मातीतला.

हवामान पूर्वीही बदलले होते, याचा पुरावा वऱ्हाडातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या तळातून शास्त्रज्ञांनी गाळाचे उभे नमुने काढले. त्या थरांतली खनिजे, पराग आणि सेंद्रिय अवशेष वाचून कोणत्या काळी पाऊस किती आणि झाडोरा कसला, हे ठरवता येते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वी इथे दीर्घकाळ पावसाने ओढ दिली होती.

तो बदल शतकांच्या चालीने झाला. आताचा बदल आपल्या डोळ्यांदेखत चालला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात एकूण पाऊस घटला, पण दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. थोडक्यात, पाऊस कमी दिवसांत गोळा होऊन पडतो. जुलै २०२१ मध्ये मोर्णेचे पाणी अकोल्याच्या वस्त्यांत शिरले, ते अनेकांना आठवत असेल. असा पाऊस बझाड्यात पडला तर काही मुरतो तरी. चोपण जमिनीला तो झेपत नाही. सुटलेली माती घेऊन तो नाल्याला जातो, नाला पूर्णेला, आणि काठांवर घळी पडत जातात. मागाहून तीन आठवड्यांची उघाड पडली की त्याच वावराला भेगा पडतात. आधी कोरड्या हवेने माती बिघडवली. आता बिघडलेली माती लहरी पावसाची झळ दुप्पट करते आहे.

झाडोऱ्याचेही तसेच. बाभूळ, हिवर, निंब इथे तगून आहेत. पण पडीक जागी वेडी बाभूळ घुसली की धुऱ्यावरचे गवत मागे हटते. आणि माती धरून ठेवण्याचे काम गवताइतके चांगले कोणीच करत नाही.

यात एक फसगत आहे, ती नीट समजून घ्या. विहिरीचे खारे पाणी रब्बीत दिले की पहिल्या वर्षी काही बिघडल्यासारखे दिसत नाही. खाऱ्या पाण्यातले क्षारच मातीच्या कणांना तात्पुरते एकत्र धरून ठेवतात. पुढच्या मृगात गोड पाऊस पडला, क्षार धुतले गेले, की मागे राहिलेला सोडियम आपला गुण दाखवतो आणि वावराचा गारा होतो. दोष मात्र पावसाला लागतो!

शिक्षकांनी हे वर्गात अवश्य दाखवावे. दोन काचेचे पेले घ्या. एकात पावसाचे पाणी किंवा बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी, दुसऱ्यात गावच्या खाऱ्या विहिरीचे. एकाच वावरातले हरभऱ्याएवढे दोन सुके ढेकूळ दोहोंत अलगद सोडा आणि ढवळू नका. दोन तासांनी पाहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. ढेकूळ फुटून खाली बसले आणि पाणी निवळच राहिले, तर फार काळजी नाही. गोड पाण्याच्या पेल्यात ढेकळाभोवती दुधी ढग पसरला, तर माती चोपण आहे. खाऱ्या पाण्याच्या पेल्यात बहुधा तो ढग दिसणारच नाही. मुलांना निरनिराळ्या वावरांतली ढेकळे आणायला सांगितली, तर गावाचा नकाशाच तयार होईल.

उपाय काय? जिप्सम टाकल्याने कॅल्शियम परत मिळतो, हे खरे. पण सुटलेला सोडियम बाहेर जायला चर हवा आणि गोड पाणी हवे. निचरा नसेल तर जिप्समचे पैसे वाया गेले म्हणून समजा. माती तपासूनच त्याची मात्रा ठरवावी. तलावातला गाळ सरसकट वावरात ओतण्याच्या मी विरुद्ध आहे. बरड, मुरमाड जमिनीला तो अमृत. आधीच चिकण असलेल्या आपल्या वावराला त्याने काय मिळणार?

खरी भिस्त शेततळ्यावर. २०१८ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णाकाठची ९३२ गावे घेतली होती, ती याच अडचणीसाठी. जी माती पाणी मुरू देत नाही, तीच तळ्याचा तळही गळू देत नाही. प्लास्टिकवाचून काम भागते. चिंता उडून जाणाऱ्या पाण्याची. अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जातो, म्हणून तळे पसरट नको, खोल हवे. मात्र खालचे खारे पाणी लागेल इतके खोल नको. आणि ते पाणी उन्हाळ्यापर्यंत जपण्यापेक्षा रब्बीतच वापरून मोकळे व्हावे. हरभऱ्याला फुलोऱ्याआधी एक आणि घाटे भरताना एक, अशा दोन ओलिती झाल्या तरी पीक हाती लागते.