पुरासाठी नाव घेताना : दोन बोटींची पारख



स्मरणिकेत प्रतिवर्षी बाजारभाव, करआकारणी, वखारींची व्यवस्था अशा विषयांवर लेख येतात. यंदा संपादक मंडळाने आपल्या संस्थेच्या बोटीविषयी लिहिण्याची आज्ञा मजला केली. मी भुसार मालाचा घाऊक व्यापारी, शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पोहणे येते तेही विहिरीपुरते. तथापि बोट खरेदीच्या समितीत मी होतो, आणि त्या कामी माझे मत एकदा चुकले व मागाहून सुधारले. इतर गावच्या बांधवांना हा अनुभव उपयोगी पडेल, म्हणून तो प्रांजळपणे मांडतो.

सन २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा व वेदगंगा या नद्यांनी जो हाहाकार केला तो वाचकांच्या स्मरणात आहेच. सांगलीस आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद राहिला. ८ ऑगस्ट रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली व अनेक जीव गेले. त्याच दिवसांत आमच्या वखारीतील एका जुन्या हमालाचे कुटुंब नदीकाठच्या गावी माडीवर अडकले होते. कशीबशी एक लाकडी नाव मिळवून आम्ही तेथे गेलो. नावेत जागा सहांची. माडीवर माणसे अकरा. तो हमाल म्हणाला, "अण्णा, आधी आईला न्या. पोरांना न्या. मी राहतो मागं." कोणास घ्यावे व कोणास ठेवावे, हे त्या क्षणी मला ठरवावे लागले. चाळीस वर्षे तराजूपाशी बसलो, परंतु तसे माप पुन्हा हाती न येवो. दुसऱ्या खेपेस अंधार पडला. राहिलेली पाच माणसे रात्रभर पत्र्यावर बसली आणि सकाळी सुखरूप निघाली. दैव बलवत्तर, एवढेच म्हणावे.

पुढे २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा संस्थेने स्वतःची नाव घेण्याचा ठराव केला. आपल्या धर्मात आहार, औषध, शास्त्र व अभय अशी चार दाने सांगितली आहेत. धान्य व औषधे आपण देतच होतो. अभयदानाचे हे साधन नव्हते.

जाणकारांनी सल्ला दिला की, नाव 'रिजिड इन्फ्लेटेबल' जातीची घ्यावी. हिचा तळ टणक असतो आणि भोवती हवा भरलेल्या जाड नळ्यांचा कठडा असतो. या जातीचा इतिहास मनोरंजक आहे. वेल्समधील अटलांटिक कॉलेज ही निवासी शाळा १९६२ साली सुरू झाली. तेथील विद्यार्थी समुद्रात शिडाच्या होड्या चालवीत, आणि त्यांच्या रक्षणासाठी रबरी नावा ठेवलेल्या असत. किनारा गोट्यांचा असल्यामुळे त्या नावांचे कापडी तळ झिजून फाटत. मुख्याध्यापक रिअर अ‍ॅडमिरल डेसमंड होअर व त्यांच्या विद्यार्थ्यांनी तळास प्लायवूड लावून पाहिले, आणि त्या प्रयोगांतून ही नवी नाव जन्मास आली. ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेने १९७२ पासून 'अटलांटिक २१' या नावाने ती सेवेत घेतली. होअर यांनी आपले पेटंट त्या संस्थेस अवघ्या एका पौंडास दिले. व्यापारी मनुष्याने हा सौदा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आमच्यापुढे दोन नावा आल्या. पहिली ४.७ मीटर लांब, फायबरग्लासचा खोल 'व्ही' आकाराचा तळ, पीव्हीसीच्या नळ्या, ४० अश्वशक्तीचे इंजिन, चालकास चक्र व बैठक, माणसे नऊ. दुसरी ३.८ मीटर लांब, अ‍ॅल्युमिनियमचा उथळ तळ, हायपालॉन जातीच्या रबरी कापडाच्या नळ्या, २० अश्वशक्तीचे दांड्याने चालणारे इंजिन, माणसे सहा. पहिलीची किंमत दुसरीच्या जवळजवळ दुप्पट. तरीही समितीतील पाचांपैकी तिघे पहिलीच्या बाजूचे होते आणि त्यांत मी एक होतो. माझा हिशेब सरळ होता : अकरा माणसांपैकी सहा नेऊन पाच मागे ठेवण्याचा प्रसंग पुन्हा नको; जितकी मोठी नाव, तितकी माणसे अधिक.

परंतु वानगी पाहिल्यावाचून माल घेऊ नये, हा आपला शिरस्ता. दोन्ही विक्रेत्यांना आम्ही नावा तलावावर आणावयास सांगितले. आमच्याच काट्यावर वाळूची पोती प्रत्येकी ६५ किलो भरून घेतली व माणसांच्या जागी ठेवली. नऊ पोती घेऊनही मोठी नाव झेपावली. लहान मात्र सहा पोत्यांनिशी जड चालली. मग पोती एका बाजूस सरकवली. दोन्ही नावा कलल्या, परंतु नळी पाण्यात दबताच स्थिरावल्या. पोते ठेवले तेथे राहते. भ्यालेला मनुष्य मात्र उठतो, वाकतो, दुसऱ्यास धरतो. म्हणून ही परीक्षा सर्वांत महत्त्वाची. नंतर एका कप्प्याची हवा सोडून पाहिली. नळ्यांना आतून पडदे असून कप्पे स्वतंत्र असतात. एक फुटला तरी उर्वरित कप्प्यांवर नाव तरते. दोन्ही या कसोटीस उतरल्या.

येथवर मोठीची सरशी होती. नावा उचलण्याची वेळ आली तेव्हा डाव पालटला. लहान नाव इंजिनावाचून चार हमालांनी सहज खांद्यावर घेतली व बांधावरून पलीकडे नेली. मोठीस गाडा हवा, आणि गाडा पाण्यापर्यंत नेण्यास उतार हवा. पुराचे पाणी कोठे येऊन थांबेल हे कोणी सांगावे? ते कधी उसाच्या फडात, कधी देवळाच्या पायरीवर. वर सांगितलेला हमाल त्या दिवशी बरोबर होता. त्याने मोठ्या नावेची रुंदी वितीने मोजली आणि विचारले, "अण्णा, आमच्या आळीत ही शिरंल का?" नाव सात फूट रुंद, आळीही तेवढीच. आम्ही सारे निरुत्तर झालो.

मग तळाचा विचार आला. खोल तळ समुद्राच्या लाटा उत्तम कापतो; पण गावात शिरलेल्या पाण्यात लाटांपेक्षा बुडालेल्या भिंती, काटेरी तारा व दगडी कट्टे यांचे भय अधिक. फायबरग्लास दगडावर आपटल्यास तडकते. अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडतो, परंतु बहुधा नाव चालू राहते. उथळ तळाची नाव इंजिन वर उचलून बांबूने ढकलली तर वीतभर पाण्यातही सरकते. नळ्यांविषयी म्हणाल तर पीव्हीसी स्वस्त, व तिचे सांधे उष्णतेने जोडता येतात. परंतु आपल्याकडील उन्हात ती लवकर कडक होते. हायपालॉन महाग असले तरी ऊन व तेल यांस अधिक टिकते. वर्षातून चार दिवस लागणारी व उर्वरित काळ पडून राहणारी वस्तू घेताना टिकाऊपणाकडे पाहावे लागते.

तरी लहान नावेची उणीव लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. भरलेल्या कृष्णेची मुख्य धार ओलांडण्यास ती पुरेशी नाही, आणि रात्री तर तिने धारेत जाऊच नये. ज्यांच्या गावास रुंद पात्र ओलांडावे लागते व उताराचा घाट उपलब्ध आहे, त्यांनी मोठीच घ्यावी. आम्हास आळ्यांतून माणसे काढावयाची होती. अखेर चार विरुद्ध एक मतांनी लहान नाव घेतली. शिल्लक रकमेतून वीस जीवरक्षक जाकिटे, दोरखंड, पंख्याभोवतीचे संरक्षक कडे व एक जादा पंखा घेतला, आणि चार तरुण व दोन हमाल यांना चालवण्याचे शिक्षण दिले. माझ्या मते या रकमेचा उपयोग नावेहून कमी झालेला नाही.

देखभालीबाबत एकच सूचना. नाव धान्याच्या वखारीत कदापि ठेवू नये. पोती कुरतडणारा उंदीर रबरही कुरतडतो. आम्ही ती वेगळ्या खोलीत, जमिनीपासून उंच घोडीवर ठेवतो. मृग नक्षत्रापूर्वी हवा भरून सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवतो. बुडबुडा दिसेल तेथे गळती. हवेचा दाब सकाळी थंड वेळी एकदा व दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पाहतो, कारण उन्हात दाब वाढून खोटा भरवसा वाटतो.

सन २०२४ च्या जुलैत पाणी पुन्हा चढले. दोन दिवसांत आमच्या नावेने चौदा खेपा केल्या. नावेच्या बाजूस मोठ्या अक्षरांत 'माणसे ६' असे रंगवले आहे, आणि निघण्यापूर्वी चालकाने मोठ्याने मोजावे असा नियम आहे. एके ठिकाणी सातवा गृहस्थ, आपल्यापैकीच एक प्रतिष्ठित व्यापारी, पाय टाकू लागला. सुकाणूवर तोच हमाल होता. तो नम्रपणे म्हणाला, "शेठ, पुढची खेप तुमची. मी येतोच." शेठ थांबले. वीस मिनिटांनी नाव परत आली.

मोठी नाव घेऊन सर्वांना एकदाच न्यावे असे मला वाटत होते. खरी गरज होती ती परत येऊ शकणाऱ्या नावेची आणि नाही म्हणू शकणाऱ्या चालकाची. ज्या गावच्या संस्था असा विचार करीत असतील त्यांनी आधी आपली आळी मोजावी, मग बोटींचे माहितीपत्रक उघडावे. आमची नाव पाहावयास केव्हाही यावे. वाळूची पोती अद्याप भरलेली आहेत.

जय जिनेंद्र.