कपाशीचा मुलूख, कपाशीचे बेट

आमच्या वऱ्हाडातील घाटंजीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग पाहिली की मला कॅरिबियन समुद्रातील मॉन्टसेराट या अवघ्या १०२ चौरस किलोमीटरच्या ब्रिटिश मुलखाची आठवण होते. कारण साखर व लिंबे यांच्या व्यापाराला ओहोटी लागल्यावर, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, त्या बेटानेही आपला चरितार्थ लांब व तलम धाग्याच्या कपाशीवरच सोपविला होता. तेथील रयत बहुतांशी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची संतती, आरंभीचे गोरे वसाहतकार मात्र पुष्कळसे आयरिश; म्हणूनच संत पॅट्रिकच्या दिवशी, १७ मार्चला, तेथे सुटी असते आणि १७६८ च्या फसलेल्या गुलामबंडाचेही स्मरण होते.

१९९५ मध्ये तेथील ज्वालामुखी जागा झाला, आणि दहा हजारांहून अधिक वस्तीपैकी निम्म्याहून जास्त लोक परागंदा झाले. आज बेटाचा खजिना मुख्यतः ब्रिटनच्या अनुदानावर चालतो. आमच्या कोलाम, गोंड, बंजारा व कुणबी शेतकऱ्यांना पोसणारी वऱ्हाडची काळी माती हीसुद्धा प्राचीन लाव्ह्याचीच देणगी, हा योग मोठा विलक्षण! मॉन्टसेराटचे राखेत गाडलेले प्लिमथ शहर मात्र दप्तरी अजूनही राजधानीच आहे. तेथे कोणी राहत नाही.