खडी, गोटा आणि मुरूम : लोहमार्गाखालील दगडांचे कार्य

आगगाडीच्या रुळांखाली आणि दोन्ही बाजूंस पसरलेली काळी खडी आपणांपैकी प्रत्येकाने असंख्य वेळा पाहिलेली असते. नित्य दिसणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत घडते तसेच येथेही घडते, आणि ती खडी तेथे कशासाठी आहे हा प्रश्न सहसा मनात उद्‌भवत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मनात तो आला तो पारिभाषिक शब्दांचा विचार करीत असता. इंग्रजीत या खडीस 'बॅलास्ट' म्हणतात. हा शब्द मूळचा दर्यावर्दी लोकांचा. रिकामे जहाज कलंडू नये म्हणून त्याच्या तळाशी दगड अथवा वाळू भरीत. ज्याला मालाचे मोल नाही असा हा नुसता भार. जर्मानिक भाषाकुलातील 'बारलास्ट', म्हणजे 'उघडा, केवळ भार', या शब्दाशी व्युत्पत्तिकार त्याचा संबंध जोडतात. हिंदी कोशांत याच अर्थाचा 'नीरम' हा नाविकांचा शब्द आढळतो. या नावावरून जो कोणी अर्थ लावू जाईल त्याची अशी समजूत होईल, की रुळांखालील दगडही केवळ वजनासाठीच घातलेले आहेत. ही समजूत अपुरी आहे. ती कशी, हे पाहिले म्हणजे खडीचे खरे कार्य ध्यानी येते.

प्रथम भाराचा विचार करू. भारतातील ब्रॉडगेज मार्गावर मालगाडीच्या एका आसावर सुमारे २३ टनांपर्यंत भार असतो, म्हणजे एका चाकावर ११ टनांहून अधिक. चाक रुळास जेथे टेकते ती जागा अवघी एखाद्या लहान नाण्याएवढी. हा भार रूळ अनेक स्लीपरांवर वाटून देतो, स्लीपर तो खडीवर सोपवितात आणि खडीचा प्रत्येक दगड आपल्या खालच्या दोन-तीन दगडांवर. असा तो खाली पसरत जातो व अखेर भरावाच्या मातीला सोसवेल इतका सौम्य होऊन तिच्यापर्यंत पोचतो. स्लीपरखाली साधारणतः २५ ते ३५ सेंटीमीटर जाडीचा खडीचा थर ठेवतात तो याचसाठी. थर पातळ झाला तर स्लीपरखालची माती खचू लागते आणि रुळांची पातळी बिघडते.

परंतु भार पसरविणे हे काम कोणत्याही दगडांनी साधेल काय? येथे मराठीतील एक साधा भेद मोठा बोलका आहे. नदीच्या पात्रातील पाण्याने घासून गुळगुळीत झालेला दगड तो गोटा; आणि पाषाण फोडून केलेले कोनदार तुकडे ती खडी. गोट्यांच्या राशीवर पाय दिला असता ते सरकतात व गरगर फिरतात. खडीचे कंगोरे मात्र एकमेकांत अडकून बसतात, आणि वरून दाब आला की त्यांच्यातील घर्षण वाढते. म्हणजे गाडीचा भार जितका अधिक, तितके स्लीपरखालचे दगड परस्परांस अधिक घट्ट धरतात. कोणत्याही चुन्या-सिमेंटावाचून सुट्या दगडांची ही एकजूट होते. यास्तव दगडाचा आकार, कंगोरे आणि कठीणपणा यांविषयी रेल्वेचे नियम काटेकोर आहेत. सर्वसाधारणपणे २० ते ६५ मिलिमीटरच्या दरम्यानचे तुकडे घेतले जातात. दख्खनच्या पठारावरील काळा बेसाल्ट या कामी उत्तम ठरतो. मुंबई-पुणे मार्गावरील भोर घाट १८६३ साली वाहतुकीस खुला झाला. तेथील चढ काही ठिकाणी ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. अशा उतारावर ब्रेक लागले की गाडी रुळांनाच पुढे रेटू पाहते. त्या रेट्याला स्लीपरांच्या मधल्या पोकळीत ठासून भरलेली खडी विरोध करते.

तिसरा शब्द मुरूम. मुरूम म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला पाषाणच. तो स्वस्त व सुलभ असल्यामुळे कमी रहदारीच्या मार्गांवर आणि यार्डांत वापरला जात असे. परंतु तो पाणी धरून ठेवतो, आणि भाराखाली भरडला की त्याचा चिखल होतो. खडीच्या दगडांमधील पोकळ्यांतून पावसाचे पाणी तत्काळ निचरून जाते. महाराष्ट्राच्या काळ्या मातीच्या प्रदेशात या निचऱ्याचे महत्त्व विशेष आहे. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते व भेगाळते. तिच्यावर पाणी साचू दिले तर भरावाची पातळी टिकणे कठीण. कालांतराने खडीतही धूळ, कोळशाची भुकटी आणि दगडांचाच चुरा साचतो. पोकळ्या बुजतात आणि उत्तम खडीही जणू मुरूम बनते. म्हणून ती ठरावीक वर्षांनी उकरून व चाळून पुन्हा घालावी लागते.

खडीचे सर्वांत अदृश्य, पण प्राणरक्षक कार्य उन्हाळ्यात दिसून येते. आज रूळ मैलोगणती अखंड जोडलेले असतात. रूळ ज्या तापमानास जखडले त्याहून ३० अंश सेल्सिअसने अधिक तापले असता एक किलोमीटरचा मोकळा रूळ सुमारे ३४ सेंटीमीटरांनी लांबला असता. जखडलेल्या रुळास लांबण्यास वाव नाही. त्यामुळे दर मीटरास ६० किलोग्रॅम वजनाच्या प्रत्येक रुळात सुमारे ५५ टनांचा दाब निर्माण होतो. हा दाब मार्गास बाजूला वाकवू पाहतो. त्याला आवरतात ते स्लीपर, रूळ आणि त्यांच्या दोन्ही टोकांशी रचलेले खडीचे खांदे. खडी नुकती उकरली वा ठोकली असेल तर तिची पकड काही काळ सैल असते. म्हणूनच अशी कामे ठरावीक तापमानाच्या मर्यादेतच करावयाची आणि त्यानंतर गाड्या मंद गतीने सोडावयाच्या असा नियम आहे. ज्यांना पूर्वी गँगमन म्हणत, त्या मार्गरक्षक कामगारांच्या या दक्षतेवर शेकडो प्रवाशांचे जीवित अवलंबून असते. दुपारच्या उन्हात आपली गाडी रेंगाळली म्हणून त्रागा करणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

मग या साऱ्या दगडांऐवजी काँक्रीटचा अखंड थर का घालू नये, असा प्रश्न येईल. तसे मार्ग आहेतच. मुंबईच्या मेट्रोचे उन्नत मार्ग खडीविरहित आहेत, आणि जपानच्या शिंकान्सेनच्या नंतरच्या मार्गांवर काँक्रीटच्या लाद्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. मात्र १९६४ साली सुरू झालेला तोक्यो-ओसाका हा मूळ मार्ग आजही मुख्यतः खडीवरच आहे. काँक्रीटला देखभाल थोडी लागते; पण प्रारंभिक खर्च मोठा, आणि खालची जमीन खचली तर दुरुस्ती अतिशय कठीण. खडीचा मार्ग खचला तर रूळ उचलून स्लीपरखाली खडी पुन्हा ठासली की पातळी पूर्ववत होते. पूर्वी हे काम हाती हत्यार घेऊन होई, आज बहुतांशी यंत्राने होते. खडी बांधलेली नाही, म्हणूनच ती दुरुस्त करता येते.

आता पुन्हा शब्दाकडे येऊ. 'बॅलास्ट'साठी नवा मराठी शब्द घडविताना 'भार' या कल्पनेवरून तो घडविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तसे केल्यास आपण शब्दाचे भाषांतर करू, वस्तूचे नव्हे. वजनाचा उपयोग तेथे आहे, हे नाकारता येत नाही. परंतु त्या दगडांचे सामर्थ्य ते फोडलेले, कोनदार, कठीण आणि सुटे असण्यात आहे. 'खडी' या शब्दात यातील बहुतेक सर्व आधीच आले आहे. खाणीतील मजूर, रस्त्यावरील मुकादम आणि रेल्वेचा कामगार यांनी गोटा, मुरूम व खडी हे भेद अभियांत्रिकीचे ग्रंथ न उघडताच भाषेत जपून ठेवले. परिभाषा घडविणाऱ्यांनी कोशाकडे वळण्यापूर्वी अशा कामकऱ्यांच्या बोलीकडे वळावे, एवढाच या विवेचनाचा निष्कर्ष.