सलूनच्या झाडणीतलं प्रथिन

गुंतवळ घेणाऱ्या बायका मराठवाड्यात आजही गल्लोगल्ली फिरतात. विंचरून निघालेल्या केसांच्या बदल्यात भांडं नाहीतर पिना देतात आणि तो माल पुढे गंगावन, विग करणाऱ्यांकडे जातो. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईभोवती सलूनमध्ये दिवसभर पडणाऱ्या बोटभर तुकड्यांना मात्र कुणी विचारत नाही. लांबी नाही म्हणून भाव नाही. ते कचऱ्याच्या गाडीत जातात, नाल्या तुंबवतात, जाळले तर उग्र वास सोडतात.

तो वास गंधकाचा, आणि केसाची खरी किंमत त्या गंधकातच आहे. केस म्हणजे मुख्यतः केराटिन हे प्रथिन. त्यातल्या सिस्टीन या अमिनो आम्लांमधले गंधकाचे बंध प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना घट्ट बांधून ठेवतात; म्हणून केस लवकर कुजत नाही. हे बंध सोडवले की केस विरघळतो, आणि पुन्हा जुळू दिले की त्यातून पातळ पडदा, जेल किंवा स्पंज घडवता येतो.

जपानमधल्या संशोधकांनी 2002 मध्ये मांडलेली 'शिन्दाई' पद्धत त्यासाठी आजही वापरतात. केस धुऊन त्यातलं तेल काढायचं, युरिया, थायोयुरिया आणि बंध तोडणाऱ्या रसायनाच्या द्रावणात 50 अंश सेल्सिअसला एक ते तीन दिवस ठेवायचे, गाळायचं, मग पाण्यात डायलिसिस करून रसायनं काढून टाकायची. उरलेलं द्रावण गोठवून सुकवलं की सच्छिद्र पांढरा स्पंज मिळतो. त्या छिद्रांत पेशी वाढतात, म्हणजे हा स्पंज नव्या ऊतीसाठी सांगाडा ठरतो. केसाच्या केराटिनमध्ये ल्युसिन, ॲस्पार्टिक आम्ल आणि व्हॅलिन असा एक क्रम येतो. पेशींना तो ओळखता येतो आणि त्या तिथे चिकटतात. प्लास्टिकच्या सांगाड्यात ही सोय मुद्दाम घालावी लागते.

2008 मध्ये आयआयटी दिल्लीच्या गटाने मानवी केसांच्या प्रथिनांपासून असे सांगाडे बनवले. त्याच वर्षी अमेरिकेत मार्क व्हॅन डाइक यांच्या गटाने केसाच्या केराटिनचं जेल वापरून उंदरांमधली तुटलेली चेता पुन्हा वाढवून दाखवली. तरी मजल अजून बरीच आहे. नुसतं केराटिन ठिसूळ असतं, म्हणून त्यात जिलेटिन किंवा कायटोसान मिसळावं लागतं. जखमेवरची केराटिनची जी उत्पादनं बाजारात आली, ती न्यूझीलंडच्या मेंढ्यांच्या लोकरीतून. मानवी केस अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे.

भाजलेल्या रुग्णाला त्वचा कमी पडते तेव्हा अशा सांगाड्याचं मोल कळतं. मुंबईच्या शीव रुग्णालयात 2000 साली त्वचापेढी सुरू झाली, पण त्वचादान आजही अपुरंच आहे. केस मात्र रोज पडतात, कुणाला जखम न करता.

नांदेडला विष्णुपुरीत 1994 साली स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे आणि तिथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही. लातूरला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे, वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. माझ्या मते इथे आधी हवी ती स्वच्छ संकलनाची साखळी, महागडं यंत्र नंतर. केराटिन काढायला केसाची लांबी लागत नाही. बोटभर तुकडा आणि हातभर वेणी, प्रथिन तेच. रंग लावलेले, ब्लीच केलेले केस मात्र वेगळे ठेवावे लागतील, कारण त्या रसायनांनी प्रथिन बिघडतं. केस देणाऱ्याची संमतीही घ्यायलाच हवी. ज्या नांदेडमध्ये शिखांचं सचखंड हुजूर साहिब आहे, तिथे केसाचा मान वेगळा सांगावा लागत नाही.

नाभिक संघटनांनी आणि विद्यापीठाने एकदा एकत्र बसावं. सुरुवात म्हणून प्रत्येक सलूनमध्ये न रंगवलेल्या, कोरड्या केसांसाठी एक वेगळं पोतं ठेवलं तरी पुरे.