पिष्ट सोडावे की स्निग्ध? वजन घटविण्याविषयीचा एक जुना वाद

स्थूल मनुष्याने वजन कमी करण्यासाठी काय वर्ज्य करावे, या साध्या प्रश्नास दोन उत्तरे मिळतात, आणि ती परस्परांच्या अगदी विरुद्ध असतात. एक म्हणतो, भात, पोळी, बटाटा व साखर सोडा; तूप-लोण्याची चिंता नको. दुसरा म्हणतो, तेल-तूप सोडा. भात-भाकरीने कोणी लठ्ठ होत नाही. दोघेही शास्त्राचा हवाला देतात. ऐकणारा आज एकाचे ऐकतो, तीन महिन्यांनी दुसऱ्याचे, आणि अखेरीस आहारशास्त्र म्हणजे निव्वळ मतामतांचा गलबला अशी समजूत करून घेऊन दोघांनाही सोडून देतो. हे नुकसान लहान नाही. कारण अतिरिक्त मेद हा मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांचा जुना सोबती आहे.

वाद आजकालचा नाही. लंडन येथे विल्यम बँटिंग नावाचा एक सधन गृहस्थ होता. अंत्यविधीची व्यवस्था लावून देणे हा त्याच्या घराण्याचा व्यवसाय. वयाच्या पासष्टीनंतर त्याचे वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलोग्रॅम भरले. बुटाची नाडी बांधण्यास वाकणे त्यास जमेना, आणि जिना तो पाठमोरा उतरू लागला. नौका वल्हविण्याचा व्यायाम करून पाहिला, तर भूकच वाढली. १८६२ मध्ये ऐकू कमी येऊ लागले म्हणून तो विल्यम हार्वे या शस्त्रवैद्याकडे गेला. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारा हार्वे तो हा नव्हे, तो दोन शतके आधीचा.) हार्वेने कानापेक्षा रोग्याच्या ताटाकडे अधिक लक्ष दिले आणि पाव, लोणी, दूध, साखर, बीअर व बटाटे बंद करविले. सुमारे वर्षभरात बँटिंगचे वजन ४६ पौंडांनी उतरले. हा अनुभव त्याने १८६३ मध्ये एका पुस्तिकेत स्वखर्चाने छापला, आणि ती इतकी गाजली की त्याचे आडनावच इंग्रजीत पथ्य पाळण्याच्या अर्थी क्रियापद होऊन बसले. वर्ज्य पदार्थांच्या त्याच्या यादीत लोणी व दूधही होते, ही गोष्ट त्याचा दाखला देणारे बहुधा विसरतात.

स्निग्ध पदार्थांवरील आक्षेप निराळ्या दिशेने आला. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत हृदयविकाराने होणारे मृत्यू हा मोठा चिंतेचा विषय झाला होता. अ‍ॅन्सेल कीज याने १९५८ पासून सात देशांतील पुरुषांचा आहार व हृदयविकार यांची पाहणी आरंभिली. १९६१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने संपृक्त स्निग्ध पदार्थ, म्हणजे लोणी, मांसातील चरबी इत्यादी, कमी करण्याचा सल्ला दिला. आणि १९७७ मध्ये अमेरिकन सिनेटच्या एका समितीने एकूण स्निग्धांशच घटवून धान्ये, फळे व भाज्या वाढवाव्यात असे सुचविले. मूळ प्रश्न हृदयाचा होता, वजनाचा नव्हे. परंतु त्यास एक सोपे अंकगणित येऊन मिळाले. १ ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून शरीरास ९ उष्मांक मिळतात. १ ग्रॅम प्रथिन किंवा कर्बोदक (पिष्ट व शर्करा यांचे हे समाईक नाव) यांपासून सुमारे ४ मिळतात. तेव्हा तेल-तूप सोडले की उष्मांक आपोआप घटतील, असा हिशेब झाला.

प्रत्यक्षात काय घडले? अमेरिकेतील प्रौढांत स्थूल व्यक्तींचे प्रमाण १९७६ ते १९८० या काळात शेकडा १५ होते, ते १९९९-२००० मध्ये शेकडा ३० वर गेले. यावरून स्निग्ध पदार्थांचा त्याग हेच स्थूलतेचे कारण, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो घाईचा आहे. त्या लोकांच्या आहारात स्निग्धांशाचा वाटा शेकडेवारीने उतरला खरा. परंतु तो मुख्यतः एकूण खाणे वाढल्यामुळे. वरून साखर व मैद्याचे ‘स्निग्धरहित’ म्हणून विकले जाणारे पदार्थ आले. जो सल्ला पाळलाच गेला नाही, त्याची परीक्षा त्याच्या परिणामांवरून कशी व्हावी?

कर्बोदकांच्या विरोधकांचा मुख्य आधार इन्शुलिन हा आहे. कर्बोदके खाल्ली की रक्तातील साखर वाढते, स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते, आणि इन्शुलिन असताना चरबी साठते, जळत नाही. म्हणून कर्बोदके बंद करा, असा हा युक्तिवाद. त्यातील शरीरक्रिया खरी आहे. पण ती पुरेशी आहे काय, हे केविन हॉल व त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तपासले आणि निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. १९ स्थूल व्यक्तींना रुग्णालयात ठेवून त्यांचे उष्मांक शेकडा ३० नी कमी केले. एकदा केवळ कर्बोदके कापून, एकदा केवळ स्निग्ध पदार्थ कापून. कर्बोदके कापली तेव्हा इन्शुलिन उतरले, चरबी अधिक जळू लागली. तरीही सहा दिवसांत शरीरातील मेद अधिक घटला तो स्निग्ध पदार्थ कापले तेव्हा. कारण उघड आहे. जळणारी चरबी जर रोज ताटातूनच भरपूर येत असेल, तर साठ्यातली फारशी कशाला खर्च होईल? अर्थात हा फरक थोड्या ग्रॅमांचा होता आणि काळ सहाच दिवसांचा.

मग भात-पोळी सोडणाऱ्याचे वजन पहिल्याच आठवड्यात झपाट्याने का उतरते? यकृत व स्नायू यांत ग्लायकोजन नावाच्या रूपात शर्करेचा काहीशे ग्रॅम साठा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. कर्बोदके बंद होताच हा साठा खर्च होतो व पाणी निघून जाते. काटा एक-दोन किलोग्रॅम खाली येतो. परंतु मेद त्या प्रमाणात गेलेला नसतो. पूर्वीचे जेवण सुरू होताच ते पाणी परत येते, आणि मनुष्य हताश होतो.

दीर्घ मुदतीची कसोटी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर याने घेतली. तिचे निष्कर्ष २०१८ चे. ६०९ प्रौढांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एकाने स्निग्ध पदार्थ कमी करावयाचे, दुसऱ्याने कर्बोदके. उष्मांक मोजण्याचे बंधन कोणासही नव्हते. मात्र साखर व मैदा टाळा, भाज्या भरपूर खा, शक्य तो घरी शिजवा, हे दोन्ही गटांस सारखेच सांगितले. वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोग्रॅम घटले, दुसऱ्याचे ६.०, हा फरक केवळ योगायोगाचा असू शकतो. इन्शुलिन अधिक स्रवणाऱ्यांस कर्बोदके सोडणे विशेष मानवते, असेही दिसले नाही. खरा फरक गटागटांत नसून प्रत्येक गटाच्या पोटात होता: काहींचे वजन पंचवीस किलोग्रॅमहून अधिक उतरले, तर काहींचे उलट वाढले. दोन्ही पथ्यांनी जे साधले ते एकच, न मोजताही रोजचे उष्मांक घटले. कोणास तूप सोडून हे निभते, कोणास भात सोडून. आणि जे वर्षभर निभेल तेच उपयोगी पडते.

भारतीय ताटास मात्र एक निराळी गोष्ट लागू आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आपल्याकडे सरासरी शेकडा ६२ उष्मांक कर्बोदकांतून येतात, आणि त्यांत पांढरा तांदूळ, दळलेले धान्य व साखर यांचाच भरणा मोठा, प्रथिने थोडी. पाश्चात्त्य वाद येथे जसाच्या तसा आणण्यात अर्थ नाही. येथे कर्बोदकांचा काही भाग काढून त्या जागी वरण, उसळ, दही यांचे प्रमाण वाढविणे हाच सयुक्तिक बदल दिसतो. त्याच पाहणीत असे आढळले की कर्बोदकांचे एकूण प्रमाण तेच ठेवून केवळ पांढऱ्या भाताऐवजी गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ घेणाऱ्यांत मधुमेहाचा धोका कमी दिसत नाही. डाळी वा दुधातील प्रथिने घेतली तर दिसतो. तीन पोळ्यांच्या जागी चार भाकऱ्या खाऊन समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि भात सोडला म्हणून तुपाची वाटी रिकामी करणेही बरे नव्हे. संपृक्त स्निग्ध पदार्थ वाढले की रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ते स्रवविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांचा प्रश्न तर वेगळाच आहे. औषधाची मात्रा नेहमीच्या जेवणाच्या हिशेबाने ठरविलेली असते. कोणाचे ऐकून एकाएकी भात-पोळी बंद केली आणि मात्रा तीच राहिली, तर रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली उतरते. घाम सुटतो, हातपाय कापतात, शुद्धही हरपते. अशा रोग्याने ताट बदलण्यापूर्वी वैद्यास भेटून मात्रा बदलून घ्यावी, आणि पहिले काही दिवस साखर वरचेवर तपासावी.