परदेशस्थ मुलांचा कर आणि घरची वही

आमच्या ओळखीचीं लातुरांतील सुशिक्षित घरें मोजूं गेलें, तर ज्या घरचा मुलगा, मुलगी वा पुतण्या समुद्रापलीकडे नाहीं असें घर शोधावें लागतें. 'लातूर पॅटर्न' म्हणून महाराष्ट्रभर नांवाजलेल्या अभ्यासाच्या शिस्तीनें हीं मुलें डॉक्टर झालीं, इंजिनिअर झालीं, आणि पुढें त्याच विद्येच्या बळावर परदेशीं गेलीं. त्यांच्या पाठीमागें येथें काय उरतें? औसा रस्त्यावरचें घर, बँकेंतील ठेव, वडिलांच्या खात्याला जोडलेलें त्यांचें नांव, आणि सरकारदरबारीं नोंदलेला एक जुना पत्ता. पहिल्या तीन गोष्टींची काळजी सर्वच घेतात. घोटाळा बहुधा चौथीपासून सुरू होतो, म्हणून तिजविषयीं आज चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

आमच्या निकट परिचयाच्या एका कुटुंबाची हकीकत सांगतों. त्यांचा धाकटा मुलगा कांहीं वर्षांपूर्वीं अमेरिकेस गेला. आपल्या कमाईंतून बँकेमार्फत रीतसर पैसे पाठवून त्यानें लातुरांत घर घेतलें. भारतांत आपणांस उत्पन्न नाहीं, तेव्हां विवरणपत्र भरण्याचें कारण नाहीं, अशी त्याची समजूत होती. आणि तेवढ्यापुरती ती चुकीचीहि नव्हती. परंतु ठराविक मर्यादेहून अधिक किमतीच्या स्थावराचा व्यवहार नोंदला गेला, म्हणजे त्याची माहिती नोंदणी कार्यालयाकडून प्राप्तिकर खात्यास जाते. 'एवढी रक्कम आली कोठून?' असा प्रश्न खात्यानें विचारला. प्रश्न वाजवी होता, आणि त्याचें उत्तर बँकेच्या एका उताऱ्यानें देतां आलें असतें. पण तो गेला मुलाच्या कॉलेजांतील दिवसांच्या ई-मेलवर, आणि त्याची सूचना गेली वडिलांच्या, केव्हांच बंद पडलेल्या मोबाइलवर!

उत्तर गेलें नाहीं, म्हणून निर्णय एकतर्फी झाला व खरेदीची सारी रक्कम मुलाचें उत्पन्न धरली गेली. कराच्या मागणीचा कागद शेवटीं घरीं पोंचला, तेव्हां वडिलांना तो समजला नाहीं असें नव्हे. "पोराला परक्या मुलखांत कशाला घोर लावायचा?" म्हणून त्यांनीं तो कपाटांत ठेवून दिला. अपिलाची मुदत तीस दिवसांची. सुनेच्या हातीं तो कागद लागला तेव्हां चाळीस दिवस होऊन गेले होते. विलंब माफ व्हावा अशा अर्जासह आतां अपील दाखल झालें आहे, निकाल यावयाचा आहे. परंतु त्या वृद्ध गृहस्थांचे शब्द आमच्या मनांतून जात नाहींत. ते म्हणाले, "पैसा मुलाचा, चूक माझी. तो फोनवर म्हणतो, 'बाबा, तुमचा कांहीं दोष नाहीं.' मग मी गप्प बसतों."

या गोष्टींत कोणी दुष्ट नाहीं. काळ तेवढा बदलला आहे. सन २०२० पासून तपासणीचें बहुतेक काम समोरासमोर न येतां, संगणकावरून चालतें. लातूरच्या माणसाचे कागद पाहणारा अधिकारी देशाच्या कोणत्याहि शहरांत बसलेला असूं शकतो. 'साहेबांना भेटून सांगूं' हा वडील पिढीचा भरवसा आतां फारसा उपयोगीं पडत नाहीं. नोंदलेल्या ई-मेलवर व खात्याच्या संकेतस्थळावर कागद आला कीं तो पोंचला, असें कायदा धरतो. तो कोणीं उघडला कीं नाहीं, हें तो विचारीत नाहीं.

म्हणून मुदती ठाऊक असाव्या. घरभाडें, व्याज वा पगार एवढेंच उत्पन्न असणाऱ्या व्यक्तीनें विवरणपत्र ३१ जुलैपर्यंत भरावयाचें असतें. सन २०२५ मध्यें ही मुदत वाढत वाढत १६ सप्टेंबरपर्यंत गेली; पण दर वर्षीं तसें होईल या आशेवर राहूं नये. चुकल्यास ३१ डिसेंबरपर्यंत तें विलंबानें भरतां येतें. मात्र पांच हजार रुपये, आणि एकूण उत्पन्न पांच लाखांच्या आंत असल्यास एक हजार रुपये, विलंबशुल्क पडतें. विवरणपत्र पाठविल्यावर तीस दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. त्यांत दोष असल्याची नोटीस आली, तर पंधरा दिवसांत तो सुधारावयाचा. खात्यानें आंकड्यांत फेरफार सुचविला, तर तीस दिवसांत उत्तर द्यावयाचें. १ एप्रिल २०२६ पासून सन २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा अमलांत आला, तरी मागील वर्षांचीं प्रकरणें १९६१ च्याच कायद्यानें चालतात. तेव्हां जुने कागद टाकून देण्याची घाई कोणीं करूं नये.

आणखी एक अडचण परदेशस्थांच्या वांट्यास येते. आपलें आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. अमेरिकेंत बहुतेकांचें करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. ब्रिटनचें ६ एप्रिल ते ५ एप्रिल. लातूरच्या बँकेंतील एकाच ठेवीचें व्याज तीन ठिकाणीं तीन तऱ्हांनीं विभागावें लागतें. त्यांतून आपल्या घरांतील मायेचा एक रिवाज कसा नडतो, तें पाहा. वडील सोयीसाठीं आपल्या खात्यावर मुलाचें नांव घालतात. मुलगा अमेरिकेचा रहिवासी असेल, आणि त्याच्या नांवाच्या परदेशांतील सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षांत एकदां जरी १०,००० डॉलरांवर गेली, तर तीं सारीं खातीं त्यानें तेथील सरकारास कळविलीं पाहिजेत. त्यांत वडिलांचें हें संयुक्त खातेंहि आलें. पैसा वडिलांचा, कळविण्याची जबाबदारी मुलाची! नांव घालण्यापूर्वीं हें त्यास विचारलें पाहिजे.

पॅनचीहि तीच गोष्ट. आधारशीं न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले. अनिवासी माणसास या जोडणींतून सूट होती. परंतु आपण अनिवासी आहों हें ज्यांनीं खात्यास कळविलेंच नव्हतें, त्यांतील कित्येकांचे पॅनहि त्या लाटेंत सांपडले. घरपट्टीलाहि हाच न्याय लागूं आहे. लातुरास सन २०११ मध्यें महानगरपालिका झाली. तिचें बिल कुलूपबंद घराच्या उंबऱ्यावर पडून राहिलें, म्हणून थकबाकी वाढावयाची थांबत नाहीं.

यावर उपाय काय? त्या कुटुंबांतील सुनेनें आतां एक वही केली आहे. तींत प्रत्येकाचा पॅन, नोंदलेला ई-मेल व मोबाइल, कोणत्या बँकेंत कोणाचें नांव, आणि वर्षाच्या सर्व मुदती लिहिल्या आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं परदेशांतील दीर फोनवर असतांना दोघें मिळून खात्याचें संकेतस्थळ उघडून पाहतात. तेथें आपल्याबरोबर दुसरा ई-मेल व मोबाइल नोंदविण्याची सोय आहे; त्या जागीं घरच्या माणसाचा पत्ता घातला आहे. करदाता देशाबाहेर असल्यास त्यानें रीतसर मुखत्यारपत्र दिलेल्या माणसास विवरणपत्रावर सही करतां येते. तेंहि त्यांनीं करून घेतलें. आलेला कागद खरा कीं लबाडाचा, हें कळण्याचीहि सोय आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर एक ओळख-क्रमांक असतो, व तो संकेतस्थळावर ताडून पाहतां येतो. तो ताडल्यावांचून कोणत्याहि दुव्यास हात लावावयाचा नाहीं, असा त्या घरीं नियम आहे.

एकत्र कुटुंबांत एकानें बाजार पाहावा, एकानें देवघर, एकानें मुलांचा अभ्यास, अशी वांटणी आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलों. कराच्या कागदांचें कामहि तशा कोणा एकाकडे नांव घेऊन सोंपविलें पाहिजे. आणि काळजी नको म्हणून वडिलांनीं मुलापासून वा मुलानें वडिलांपासून कागद लपवूं नये. मुदत मायेसाठीं थांबत नाहीं. त्या घरचे वृद्ध गृहस्थ हल्लीं चष्मा लावून त्या रविवारच्या बैठकीस बसतात, आणि मुलास स्वतः विचारतात, "या महिन्यांत कांहीं आलें आहे का रे?"